दिवाळी अंकाची डिजिटल आवृत्ती वाचकांना सोपी जाईल अशी कशी करावी?

प्रश्न: अंकसंपादक, सांगली

सर्वांना नमस्कार. आमचा दिवाळी अंक गेली चोवीस वर्षे सांगलीतून निघतो आहे. आमचे वर्गणीदार अंकाला धरून आहेत, पण त्यांची मुले आता पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात राहतात आणि अंक वाचायची इच्छा असूनही टपालखर्च परवडत नाही, अशी पत्रे दरवर्षी येतात. म्हणून गेल्या वर्षी आम्ही प्रथमच डिजिटल अंक काढला. छापखान्याला दिलेली पीडीएफच विक्रीला ठेवली आणि पैसे भरणाऱ्याला ईमेलने तिचा दुवा पाठवला.

विक्री अपेक्षेपेक्षा चांगली झाली, पण त्यानंतरचे दोन महिने माझे तक्रारी ऐकण्यात गेले. अंक दोन स्तंभांत मांडलेला असल्याने मोबाईलवर अक्षरे मोहरीएवढी दिसतात, आणि ती मोठी केली की प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची होती. लेखकाचे नाव टाकून शोधले तर काहीच सापडत नाही, असेही अनेकांनी कळवले. एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला की, पैसे गेले पण अंक आला नाही. अंक त्यांच्या मोबाईलमध्ये उतरलेला होता, पण कुठे उतरला हे त्यांना सापडत नव्हते आणि फोनवरून मलाही ते नीट सांगता येत नव्हते. वीस-पंचवीस मिनिटांच्या खटपटीनंतर ते म्हणाले, "राहू द्या बाई, छापील असेल तर पाठवा." त्यांचे ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

यंदा एका सॉफ्टवेअर कंपनीने स्वतंत्र ॲपचा प्रस्ताव दिला आहे. त्यात पान उलटल्याचा देखावा आणि आवाजही असेल, असे ते सांगतात. खर्च जवळजवळ अंकाच्या कागदाइतका आहे. मला तीन गोष्टींबद्दल मार्गदर्शन हवे आहे. ॲप करावे की ईपब (म्हणजे ई-पुस्तकाची फाईल) करावे? छापील अंकाच्या मांडणीतले काय ठेवावे आणि काय सोडावे? आणि वाचक खरोखर समाधानी आहे की नुसता गप्प बसला आहे, हे आमच्यासारख्या चार माणसांच्या कार्यालयाने कसे ओळखावे?

उत्तर: जुळारी, पुणे

ताई, मी तीस वर्षे अक्षरजुळणी करतो आहे आणि अलीकडे मुख्यतः ई-पुस्तकांचीच कामे घेतो. अक्षरे लहान दिसणे आणि पान सरकवावे लागणे, या दोन्ही अडचणींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. छपाईच्या पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षर कागदाच्या मापाला जिथल्या तिथे पक्के बसवलेले असते. तेच पान तळहाताएवढ्या पडद्यावर आणले की अक्षर लहान ठेवा किंवा पान सरकवत बसा, याखेरीज वाचकापुढे मार्ग उरत नाही. ईपबमध्ये मजकूर मोकळा असतो; पडद्याची रुंदी आणि वाचकाने निवडलेला अक्षरांचा आकार पाहून ओळी आपोआप तुटतात. आतून पाहिले तर ईपब म्हणजे वेबपानांचेच एक गाठोडे असते, आणि वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी हीच संस्था २०१७ पासून ईपबचे मानकही सांभाळते. त्यामुळे आज केलेले काम चार वर्षांनी वाया जाईल, अशी धास्ती बाळगू नये.

पण ईपबच्या आधी मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे: अंक कोणत्या फॉन्टमध्ये जुळवता? तो युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) जुळवलेला असेल, तर लेखकाचे नाव शोधूनही का सापडत नाही, याचे उत्तर तिथेच आहे. या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसत असला तरी फाईलमध्ये त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते, त्यामुळे वाचकाने युनिकोडमध्ये टाकलेले नाव संगणकाला त्या मजकुरात दिसतच नाही. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके मिळतात, पण त्यांच्या हातून निघालेला मजकूर मुद्रितशोधकाने पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय वापरू नये. 'दुर्मिळ' हा साधा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो दिसतो त्या क्रमाने साठवला जातो: दु, मग ऱ्हस्व वेलांटी, मग म, त्यावर रफार आणि शेवटी ळ. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: दु, मग पाय मोडलेला र, मग म, मग वेलांटी आणि ळ. म्हणजे वेलांटी म च्या पुढून मागे न्यायची आणि रफार मागून पुढे आणायचा, ही दोन्ही कामे परिवर्तकाला एकाच शब्दात करावी लागतात, आणि नेमके अशाच शब्दांत ते चुकते.

याहून फसवी चूक म्हणजे अर्ध्या र ची. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'दऱ्या' या शब्दांतला आडवा र परिवर्तनात कधी कधी रफार होऊन येतो. 'वार्यावर' छापले गेले तर वाचक समजून घेईल. पण 'आचाऱ्यांना' जेवणाचे पैसे द्यायचे होते आणि मजकुरात 'आचार्यांना' आले, तर अर्थच बदलतो, आणि शब्द स्वतःपुरता शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणारे साधनही त्यावर बोट ठेवत नाही. 'ॲ' हे अक्षरही तपासावे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, त्यामुळे त्याआधीच्या साधनांनी केलेल्या मजकुरात तो 'अ' आणि चंद्र असा दोन तुकड्यांत सापडतो आणि शोधात हुकतो.

मांडणीबद्दल सांगायचे, तर दोन स्तंभ निःसंकोच सोडून द्यावेत. दोन्ही कडा सरळ करण्याचा आग्रहही सोडावा. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतात, 'महाविद्यालयांमधल्यांनाही' यासारखा एकच शब्द मोबाईलची अर्धी ओळ खातो, आणि शब्द तोडण्याची सोय बहुतेक वाचनसाधनांत मराठीसाठी भरवशाची नाही. मग ओळ भरण्यासाठी शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी, हेच पडद्यावर वाचायला सुखाचे असते. ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट, शक्यतो पावणेदोनपट ठेवावे, कारण आपल्या लिपीत वर रफार, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार अशी दोन्हीकडे गर्दी असते. फाईलमध्ये भाषा 'मराठी' म्हणून नोंदवायला विसरू नका. ही नोंद नसेल, तर काही फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हे आपले वळण राज्य शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही आहे, आणि मराठी वाचकाला कारण सांगता आले नाही तरी परके वळण डोळ्यांना खटकतेच.

कवितांसाठी वेगळा वेळ राखून ठेवा. मोबाईलवर कवितेची लांब ओळ तुटते आणि उरलेला शब्द खाली एकटा पडतो. तो कवीने मुद्दाम खाली घेतला आहे की पडद्याने पाडला आहे, हे वाचकाला कळत नाही. म्हणून तुटून खाली आलेला भाग चांगला आत सरकेल अशी सोय सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, करावी लागते, म्हणजे मूळ ओळ कुठे सुरू होते हे स्पष्ट राहते. कवीला ते एकदा मोबाईलवर दाखवून घ्यावे. मी दाखवतो, आणि बहुतेक कवी त्यात एक तरी दुरुस्ती सुचवतातच.

ॲपविषयी माझे मत स्पष्ट आहे. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकासाठी ते करू नका. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांबरोबर ॲप दरवर्षी अद्ययावत ठेवावे लागते, त्याच्या आतून मजकूर विकला की ॲप-दुकानांचे देयकाचे नियम लागू होतात, आणि वाचकाला एका अंकासाठी आणखी एक ॲप मोबाईलमध्ये घ्यावे लागते. त्याऐवजी अंक ब्राउझरमध्येच उघडून वाचता येईल असा करा, म्हणजे तुमच्या निवृत्त शिक्षकांना फाईल शोधावी लागणार नाही. पुष्कळ अँड्रॉइड फोनांत ईपब उघडणारे साधन आधीपासून नसते, म्हणून ईपबचा दुवा त्याच्या खाली, 'फाईल उतरवून ठेवा' अशा शब्दांत द्यावा. किंडलवर वाचणाऱ्यांनाही 'सेंड टू किंडल'ने पाठवून घेतली की तीच फाईल चालते; तिथे मराठी पुस्तके २०१६ पासून मिळत आहेत. पान उलटल्याचा देखावा पहिल्या मिनिटाला आवडतो, पण साठाव्या पानाला तो वाचकाचा वेळ खातो.

उत्तर: वर्गणी विभाग, ठाणे

जुळारी यांनी वाचनाची बाजू मांडली आहे. मी विक्रीची मांडतो, कारण एका मासिकाच्या वर्गणी विभागात मी अकरा वर्षे हेच काम करतो. आमच्याकडे नाराजीची पत्रे मजकुराबद्दल क्वचित येतात. बहुतेक पत्रे 'पैसे भरले, पुढे काय?' या एका क्षणाबद्दल असतात.

पैसे भरल्यावर जो पडदा दिसतो त्यावर धन्यवादाचा परिच्छेद लिहू नका. 'अंक वाचायला सुरुवात करा' हे एकच मोठे बटण तिथे ठेवा. तोच दुवा ईमेलने आणि व्हॉट्सॲपवरही पाठवा, आणि तो कायम चालू ठेवा. चोवीस तासांत बाद होणारे दुवे आम्ही एके वर्षी सुरक्षिततेसाठी वापरले होते. अंक मुलाने घेतलेला असतो आणि आई रविवारी वाचायला बसते. तोपर्यंत दुवा मेलेला असे. दुसऱ्या वर्षी ती पद्धत आम्ही बंद केली.

परदेशातल्या एखाद्या वाचकाला आधी खरेदी करून पाहायला सांगा आणि मगच विक्री सुरू करा. आपल्याकडे यूपीआय इतके अंगवळणी पडले आहे की, न्यू जर्सीतल्या मुलीकडे फक्त तिथले कार्ड आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही. देयकसेवेकडून परदेशी कार्डांची सोय मुद्दाम मागून घ्यावी लागते. ओटीपीही परदेशी क्रमांकावर पोहोचेलच अशी खात्री नसते, म्हणून प्रवेशासाठी ईमेलचा पर्याय ठेवा.

वर्गणी दरवर्षी आपोआप कापली जावी असा मोह होईल. कायदेशीर मार्ग आहे, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वसुलीपूर्वी किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते, आणि ती आपोआप वसुली थांबवण्याची सोयही त्याला असावी लागते. दिवाळी अंकाला ही पद्धत मानवत नाही असे माझे मत आहे. त्याऐवजी गणपतीनंतर एक साधे आठवणीचे पत्र पाठवावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत तेरा प्रकार नोंदवले. वर्गणी सहज सुरू होते पण बंद करण्याचा रस्ता लपवलेला असतो, हा त्यांतला एक आणि टोपलीत ग्राहकाने न निवडलेली वस्तू गुपचूप टाकणे हा दुसरा. तुमचे संकेतस्थळ करणारा 'सोबत मागील अंकही' अशी खूण आधीच करून ठेवायला सुचवेल, तेव्हा त्याला नाही म्हणा. तक्रारीला अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण, हा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा दंडक आहे. आम्ही मात्र दिवाळीच्या आठवड्यात त्याच दिवशी उत्तर देतो, कारण त्या आठवड्यानंतर दिवाळी अंकाचे उत्तर मिळून वाचकाला उपयोग नसतो.

कुलूपबंद, म्हणजे विकणाऱ्याच्याच ॲपमध्ये किंवा खात्यात उघडणाऱ्या, फाईलींबद्दलही लिहितो, कारण चोरीच्या भीतीने संपादक मंडळी तिकडे वळतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकेही त्यांच्या हातून गेली. पैसे परत मिळाले, पण पुस्तक गेले. आपल्या अंकाचा वाचक जुने अंक कपाटात जपणारा आहे. त्याला कुलूप नसलेली फाईल द्या आणि पहिल्या पानावर 'ही प्रत अमुक यांची' असे त्याचे नाव छापा. नाव असलेली प्रत माणूस सहसा गटांवर टाकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

उत्तर: एक दृष्टिहीन वाचक, नाशिक

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि मोबाईलवरील वाचकप्रणालीच्या मदतीने ऐकून वाचतो. गेल्या काही वर्षांत मी चार-पाच डिजिटल दिवाळी अंक विकत घेतले आणि त्यांतला एकच मला पूर्ण वाचता आला. बाकीच्या पीडीएफ माझ्या मोबाईलने नुसते 'प्रतिमा, प्रतिमा' म्हणून संपवल्या.

जुळारी यांनी भाषेच्या नोंदीचा मुद्दा अक्षरांच्या वळणासाठी सांगितला. माझ्यासाठी तो त्याहून मोठा आहे. ती नोंद नसली की हिंदी आवाज मराठी मजकूर वाचू लागतो. आपल्या 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार' मधला च वेगळा आणि 'चमचा' मधला वेगळा, 'जीव' मधला ज वेगळा आणि 'जग' मधला वेगळा. हिंदी आवाज सगळे एकाच साच्यातून काढतो. ललित लेख तशा उच्चारांत तासभर ऐकणे फार थकवणारे असते.

आणखी दोन विनंत्या आहेत. शीर्षके केवळ ठळक अक्षरांत न लिहिता फाईलमध्ये शीर्षक म्हणूनच नोंदवावीत, म्हणजे मला एका बोटाने पुढच्या लेखावर जाता येते. आणि व्यंगचित्रांना वर्णन द्यावे. 'व्यंगचित्र क्रमांक ३' हे वर्णन नव्हे. चित्रात कोण आहे, काय करतो आहे आणि खाली कोणते वाक्य आहे, एवढे दोन ओळींत लिहिले की घरच्यांबरोबर मलाही हसता येते. दृष्टिहीनांसाठी सुगम प्रती करायला २०१२ च्या दुरुस्तीपासून आपला स्वामित्वहक्क कायदा परवानगी देतो आणि अशा प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय मर्राकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी भारताने मान्य केला. पण मला नंतर कोणीतरी करून दिलेली प्रत नको आहे. दिवाळीच्या दिवशी सर्वांबरोबर तोच अंक विकत घ्यायचा आहे. तुमचे वाचक जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकांना सुगम्यतेचा कायदा लागू झाला आहे. अगदी लहान संस्थांसाठी त्यात सवलती आहेत, त्या नीट पाहून घ्याव्यात.

प्रश्नकर्तीचे उत्तर: अंकसंपादक, सांगली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. तीन आठवडे थांबून लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

ॲपचा प्रस्ताव आम्ही नाकारला. गेल्या वर्षीची एक कथा, एक कविता आणि एक व्यंगचित्र एवढाच नमुना ब्राउझरमध्ये वाचता येईल असा तयार केला. संकेतस्थळे वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले होते की, पाच माणसांना वापर करताना पाहिले तरी बहुतेक अडचणी समोर येतात. त्या भरवशावर मी वाचनालयात पाच वर्गणीदारांना एकेक करून बोलावले. त्यांच्याच मोबाईलवर नमुना उघडून दिला, 'कवितेपर्यंत जाऊन दाखवा' एवढेच सांगितले आणि शेजारी बसून राहिले. काही न सांगता बसणे मला फार जड गेले.

आम्ही अनुक्रमणिकेसाठी तीन आडव्या रेघांची खूण ठेवली होती. पाचांपैकी चौघांनी तिला हातही लावला नाही. एक आजी कवितेपर्यंत पोहोचण्यासाठी संपूर्ण कथा अंगठ्याने सरकवत राहिल्या, आणि शेवटी मला म्हणाल्या, "छान आहे हो." त्यांना मी नुसते विचारले असते, तर 'वाचक समाधानी' अशी नोंद करून मोकळी झाले असते. आता त्या खुणेच्या जागी 'अनुक्रमणिका' हा शब्दच लिहिला आहे. अक्षर मोठे करण्यासाठीही 'अ' च्या दोन आकृत्या होत्या, त्यांऐवजी 'अक्षर मोठे' आणि 'अक्षर लहान' असे लिहिले. दुसऱ्या फेरीत त्याच आजी अर्ध्या मिनिटात कवितेवर आल्या. निवृत्त शिक्षकांनाही दुवा पाठवला होता. त्यांनी कथा वाचून तिच्यातल्या दोन मुद्रणदोषांसह पत्र पाठवले. त्यांतला एक अर्ध्या र चाच होता.

व्यंगचित्रांची वर्णने यंदा व्यंगचित्रकारांकडूनच लिहून घेणार आहोत. एक अडचण मात्र सुटलेली नाही. आमचे शब्दकोडे फार लोकप्रिय आहे आणि मोबाईलवर त्याची चौकट काही केल्या नीट बसत नाही. कोडे पडद्यावर सोडवता येईल असे करायचे, तर पुन्हा वेगळा खर्च येतो. ते डिजिटल अंकातून गाळावे का?

उत्तर: जुळारी, पुणे

गाळू नका. चौकट मोबाईलमध्ये बसवण्याचा प्रयत्नही यंदा करू नका. आडवे-उभे शब्दांचे संकेत नेहमीच्या मजकुरासारखे अंकात द्या, म्हणजे नाशिकच्या गुरुजींनाही ते ऐकता येतील आणि घरच्यांच्या मदतीने कोडे सोडवता येईल. त्याखाली कोड्याची एका पानाची वेगळी पीडीएफ, ए-४ आकारात, 'छापून घ्या' असे लिहून ठेवा. पीडीएफची खरी जागा तिथे आहे, कारण कोडे सोडवणाऱ्याला कागद आणि पेन्सिलच लागते. चौकटीतले आकडे मात्र किमान दहा पॉइंटचे ठेवा आणि काळी घरे करड्या रंगात छापा, नाहीतर घरच्या प्रिंटरची शाई एका कोड्यात संपते.